टांगलेला रूळ

त्या मुलखात गाड्या बंद होऊन बावीस वर्षं झाली होती, नियम मात्र चालू होते. स्टेशनातली घंटा वाजल्याशिवाय सिग्नल हात खाली करीत नसे, आणि सिग्नलचा हात खाली आल्याशिवाय कुठल्याही चाकाला आत पाऊल टाकता येत नसे.

खेड्याच्या त्या स्टेशनातली घंटा म्हणजे खरं तर रुळाचाच हातभर तुकडा, तारेनं छपराला टांगलेला. पण वर गेल्यापासून तिनं जमिनीवरच्या भावांशी बोलणं टाकलं होतं. पेरूच्या पाट्या काय, सासरी निघालेल्या मुली काय, तिच्या एका टोल्यावर सगळे उठून उभे राहत. मग पलीकडून डांबरी सडक गेली, मास्तरांनी कुलूप घातलं आणि तिला कुणी विचारेना. हे तिच्या मनाला फार लागलं होतं.

एका सकाळी वळणापाशी शिट्टी झाली.

"आली!" बाकडं थरथरलं. "घंटाबाई, वाजा लवकर! आता माणसं येतील, माझ्यावर बसतील."

"हुकूम करा, बाई," सिग्नलचा गंजका हात कुरकुरला.

घंटा हलणार, तोच खालून रूळ बोलले. "ताई, थांब. आमच्या अंगाला कळतंय. डबे नाहीत, नुसत्या मालाच्या उघड्या, रिकाम्या वाघिणी आहेत. ही कुणाला आणायला नाही, आम्हालाच उचलून न्यायला आलीय."

भाऊ कधी खोटं बोलत नसत, हे घंटेला ठाऊक होतं. तिचा जीव घाबरा झाला. गाडी वळणावर खोळंबली होती. दुसरी शिट्टी झाली. आज गप्प बसलं, तर पुन्हा वाजायला मिळणार कधी? तिसरी शिट्टी झाली आणि तिनं खणखणीत टोला दिला.

सिग्नलचा हात खाली आला. गाडी थेट रुळांच्या शेवटापर्यंत गेली आणि मागं सरत सरत पुढ्यातले रूळ उचलून वाघिणीत टाकू लागली. रूळ ताईला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच तिला सोसवेना. बाकडं सरपणात निघालं. शेवटी एका गँगमननं मान वर केली.

"अरे, हा पण रूळच की! घ्या."

भावांच्या राशीवर पडलेल्या घंटेला घेऊन गाडी दुसऱ्या फाट्याला लागली. दर सांध्याला वाघीण हिसका खाई, घंटा भावांवर आदळे आणि टोला पडे. तिनं अंग चोरलं, जीव मुठीत धरून गप्प राहू पाहिलं. टोले पडतच राहिले.

फाट्यावरच्या बंद स्टेशनातून एका बाकड्याचा आवाज आला, "आली!" आणि तिथल्या सिग्नलचा गंजका हात हळूहळू खाली झाला.