हौसाताईची टिटवी

पांघरुणं घ्या बघू अंगावर. घेतली? तर एकदा काय झालं, ऐका.

एक होतं गाव. तीन बाजूंना जंगल आणि चौथ्या बाजूला नदी. त्या गावात उभ्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नसे. वाऱ्यानं पाडलेलं, वाळवीनं टाकलेलं, पुरानं आणून सोडलेलं, तेवढंच लाकूड घरी यायचं. त्यावर चूल पेटायची, हे तर झालंच. पण गावातलं कुणी माणूस गेलं ना, की त्याच लाकडातून एक जनावर कोरायचे. ज्याचा जसा स्वभाव तसं त्याचं जनावर. कुणाचा बैल, कुणाची खार. एका म्हातारबाबांचं तर कासव केलं होतं!

मग ते जनावर रंगवायचं आणि सगळ्यात शेवटी त्याचे डोळे काढायचे. डोळे उघडले की ते अंग झाडून उठायचं, बरं का, आणि नदीपलीकडे निघायचं. गेलेलं माणूस वेशीवर त्याचीच वाट बघत उभं असायचं. जनावराच्या मागोमाग तेही पलीकडे जायचं. पलीकडे गार सावली, गोड पाणी. वेशीवर मात्र नुसतं ऊन.

हे जनावर कोरायचं पाठच्या भावंडानं. दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. आणि होळीच्या आत ते उठायला हवं. नाही उठलं तर होळीत जायचं, आणि माणूस वर्षभर वेशीवर ताटकळायचं.

त्या गावात एक हौसा होती. तापाचं निमित्त झालं आणि गेली. तिच्या पाठचा केरू. मिसरूड अजून धड फुटलं नव्हतं. शाळेत गेला तो पहिल्याच आठवड्यात पाटी फोडून घरी आला. डोक्यात आलं की हात पुढे, असा त्याचा कारभार. ताई गेली तेव्हा तो रडला नाही. कुऱ्हाड उचलली आणि निघाला.

"कुठं रे?" आईनं विचारलं.

"घोडा करायला. ताई उन्हात उभी आहे."

"घोडा? आपल्या हौसाचा?"

"मग! पाटलाच्या बापाला घोडा, आणि माझ्या ताईला काय शेळी?"

आदल्याच दिवशी वावटळीत एक उंबर आडवा झाला होता. केरूनं त्याचा बुंधा तोडून आणला आणि ठोकायला बसला. गावात ठकूआजी होती. आजवर सगळ्यांना कोरायला तिनंच शिकवलेलं. तिनं लाकडाला नख लावून बघितलं.

"ओलं आहे रे. सावलीत वाळू दे आधी."

"होळी थांबणारे का माझ्यासाठी?"

मग केरूनं घोडा कोरला. गेरूनं लाल केला, काजळाची आयाळ काढली. आणि उन्हात ठेवला, लवकर सुकावा म्हणून! मग काय झालं? तड् तड् आवाज झाला आणि घोडा मानेपासून शेपटीपर्यंत उलला. रंगाची सालपटं निघाली. गावातला राणू नावाचा पोरगा कुंपणावर बसून होता. तो म्हणाला, "केरू, हा घोडा आहे की भाजलेलं वांगं?" केरू त्याच्या अंगावर धावला, पण राणू कधीच पळाला होता.

मग केरू पुन्हा जंगलात गेला. केव्हाचा पडलेला, खडखडीत वाळलेला एक साग त्याला सापडला. आता वाघच करायचा, असं त्यानं ठरवलं. रात्र म्हणेना, दिवस म्हणेना. हातांना फोड आले, ते फुटले, वर चिंध्या बांधल्या आणि पुन्हा छिन्नी धरली. वाघ असा झाला, असा झाला, की गुरं लांबून बघूनच हंबरली! हळदीचा पिवळा, काजळाचे पट्टे. सगळं गाव जमलं. केरूनं डोळे काढले.

वाघ हलला नाही.

सगळे थांबले. वाघ आपला तसाच. मग ठकूआजी पुढं झाली. तिनं वाघाच्या पोटाखालून हात फिरवला.

"याचे पाय कुठायत रे?"

आता ऐका हं. जनावर कोरताना ते ठोकळ्यावर उभं असतं. शेवटी ठोकळ्यातून एकेक पाऊल कापून सुटं करायचं असतं. त्या गावात हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. केरूच्या वाघाचे पाय तर ठोकळ्यातच रुतलेले.

"विसरलो," केरू म्हणाला.

"हे कुणी विसरतं होय?"

तसा केरू वाघापुढं आडवा उभा राहिला. "नाही सोडणार! पाय सुटले की हा उठणार. हा उठला की ताई जाणार. मग मी काय करू?"

राणूसुद्धा खाली बघायला लागला. मग आई हळूच म्हणाली, "केरू, ती उन्हातून घरी आली की आधी तू तांब्या भरून द्यायचास. आणि आता तूच तिला उन्हात धरून ठेवलंस बाळा."

केरूनं ओठ चावला. छिन्नी घेतली आणि चारही पावलं सोडवली. तरी वाघ उठला नाही.

"नाहीच उठायचा," ठकूआजी म्हणाली. "ही तुझी ऐट आहे रे. यात हौसा कुठाय?"

होळी आता अगदी तोंडावर आली होती. केरू नदीकाठी गेला. पुरानं टाकलेल्या ओंडक्यांतून फिरला. या खेपेला त्यानं कुऱ्हाड नेली नव्हती. एकेक लाकूड उचलायचा, फिरवून बघायचा, खाली ठेवायचा. मग एक मूळ हाती आलं. वाळून पांढरं पडलेलं, वाकडंतिकडं. एका टोकाला चोच काढल्यासारखं, दुसऱ्या टोकाला जुळलेल्या दोन काड्या.

आणि केरू एकटाच हसायला लागला. अहो, ही तर टिटवी! उघड्या माळावर अंडी घालते आणि जवळ बैल येवो की माणूस, डोक्यावर घिरट्या घालून बोंब ठोकते. हौसा तश्शीच. केरूवर कुणी हात उगारला की आधी सगळी आळी गोळा करायची. आणि मग घरी आणून स्वतःच त्याला अर्धा दिवस बोलायची!

मग केरू तिथंच नदीकाठी कोरायला बसला. काळा गळा, पांढरं पोट, मातकट पाठ, चोचीपाशी लाल ठिपका. राहिले पाय. काडीएवढे पाय! एक घाव चुकला की गेलं सगळं. जन्मात ज्यानं काही सावकाश केलं नव्हतं, तो केरू श्वास रोखून केसाएवढं केसाएवढं तासत राहिला. मैदानात होळी रचत होते. राणू आला. केरूनं वर बघितलं.

"हळद आणलीय," राणू म्हणाला. "पायांना लागेल ना?"

पाय सुटले, पिवळे झाले. तोवर आईही नदीकाठी आली. मग केरूनं डोळे काढले.

टिटवीनं पापणी मिटली, उघडली. अंग झाडलं. आणि केरूकडे बघत तिथंच उभी राहिली. जाईना! सूर्य कलला. माणसं होळीपाशी खोळंबली. तरी ती आपली बघतेच आहे.

केरूला कळलं. नाक पुसून तो म्हणाला, "जा गं ताई. आईला मी बघतो. जा तू."

तशी टिटवी तुरुतुरु पळाली. वाळूवर थांबली. मागं वळली आणि अशी काही ओरडली त्याच्यावर, अशी ओरडली, की आई रडता रडता हसली. मग उडाली ती नदीवर. वेशीकडून एक झुळूक आली. पाण्यावर एकामागून एक वर्तुळं उठत गेली, कुणीतरी पावलं टाकत चाललंय जणू, आणि पलीकडच्या सावलीत जाऊन विरली.

मग केरू वाळूत बसला आणि पोटभर रडला. आई शेजारी बसली, राणूही बसला. गावानं होळी पेटवली.

पुढं केरू चांगला कोरायला लागला. आई सुखात राहिली, ठकूआजी सुखात राहिली आणि हौसा सावलीला पोचली. आता तुम्हीही पोचा बघू झोपेच्या गावाला. मिटा डोळे.