पुसा

सोमाजीबाबा तो शब्द एकदा म्हणाले, की दोनदा?

मोरेश्वर पिंपळखरे सरांना आता हे छातीठोकपणे सांगता येत नाही. भाषाशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, दुसऱ्यांच्या उच्चारांच्या नोंदी करण्यात डोळे गेले. पण त्या दुपारी ऐकलेल्या दोन अक्षरांची नोंद त्यांच्या हातून नीट झाली नाही. आपण चिंचेच्या झाडाखाली बसलो होतो, असं त्यांना आठवतं. चिंचच होती का, तेही...

झाडाचं असो.

बाबा वर्धा नदीच्या काठी एका टेकाडावर राहत. घर सोडण्याआधी पस्तीस वर्षं त्यांनी अमरावतीच्या एका छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळीत बसवायचं, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. छापखाना बंद पडला आणि बाबा नदीवर आले. पुढे कुणा भक्तानं त्यांच्या हाती मोबाइल दिला. तेव्हापासून रोज सकाळी बाबांचा दोन ओळींचा निरोप गावोगाव जाऊ लागला.

फिरत फिरत तो पुण्याला सरांपर्यंत पोचला.

सरांनी सवयीनं त्यात चूक शोधली. सापडली नाही. ऱ्हस्व-दीर्घ ठीक, अवग्रह जागच्या जागी, शेवटी दोन उभे दंड. जी चिन्हं सरांना स्वतःच्या फोनवर वर्षभर शोधून मिळाली नव्हती, ती सगळी तिथे हजर.

म्हणून व्याख्यानासाठी अमरावतीला आले, तेव्हा सर रिक्षा करून टेकाडावर गेले. निदान स्वतःला त्यांनी कारण तेच सांगितलं.

"रोमन आकडे कसे काढायचे?"

नमस्कार अजून अर्धाच झाला होता.

बाबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कायले लागते?"

"मुद्दे आहेत. सात. साधे एक-दोन घातले, तर वाण्याची यादी वाटते. रोमन आकड्यानं मुद्द्याला वजन येतं."

"वजन..." बाबा म्हणाले. "शिशाचे होते तवा होतं बापा वजन. आता काचेवर कायचं वजन?"

आत चुलीपाशी पार्बताबाई हसल्या. बाबांची भाकरी त्या करत.

सरांना ते हसू झोंबलं. "मला अगदीच येत नाही असं समजू नका. तीन विद्यापीठांच्या परीक्षा मंडळांवर मी होतो."

"मंग तं अवघडच हाये," बाबा म्हणाले. "दाखवा."

सरांनी मोबाइल चटईवर ठेवला आणि बाबांना वाचता यावा म्हणून फिरवू लागले.

"राहू द्या तसाच. मले उलटंच वाचता येते. जन्मभर समोरच्याच बाजूनं वाचलं."

बाबा वाकले. ओठ हलू लागले.

"ई..."

थोडा वेळ गेला.

"ईई..."

मग आणखी.

"ईईई..."

त्यांनी मान वर केली.

"सर, हे कोणाचं लेकरू रडून रायलं?"

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"लेकरू नाही," सर घाईनं म्हणाले. "तो पहिला, दुसरा आणि तिसरा मुद्दा. मी इंग्रजी आय दाबतो, फोन त्याचा ई करतो. दोन दाबले की दोन ई. चौथ्याला ईव होतं, पाचव्याला नुसता व. यंत्राचा दोष आहे."

"म्हंजे पाचव्यापाशी थकलं लेकरू."

आत भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"कोणाले धाडता हे?"

"मुलीला."

"नाव?"

"ऋजुता." सरांचे कान तापले. "वर रुजुता झालंय, मला दिसतंय ते. तो ऋ कुठे मिळत नाही या फोनवर."

तिसरीत असताना तिनं वहीच्या वेष्टनावर असंच रुजुता लिहिलं होतं. सरांनी तिला तो ऋ शंभरदा काढायला लावला होता. नव्वदीच्या पुढे तिची पेन्सिल मोडली, तेव्हा त्यांनी दुसरी टोक करून दिली होती. हे त्यांना त्या क्षणी का आठवावं, कोण जाणे.

"कुठी असते पोरगी?"

"धारवाडला. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते."

"पाणी कसं हाये तिथलं? गोड?"

"...ठाऊक नाही."

"चष्मा लागला तिले?"

"ठाऊक नाही."

"सकायी चहा घेते का दूध?"

"दूध घ्यायची."

"घ्यायची?"

"सहा वर्षं झाली," सर म्हणाले.

नदीवरून वारा येत होता. बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि वाट पाहिली.

मग सरांनी सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवून आले होते, तरी सांगितलं. तिचा प्रबंध शेवटच्या प्रकरणापर्यंत आला होता. ते प्रकरण तिनं घरीच, त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं. त्यांनी रात्र खर्चून ते वाचलं आणि समासात सात आक्षेप लिहिले, रोमन आकडे घालून. सकाळी तिनं पानं चाळली. रडली नाही, भांडली नाही. पानं सरळ केली, टेबलावर ठेवली, स्वयंपाकघरात जाऊन आपला कप विसळला. चार दिवसांनी ती धारवाडला गेली.

"आक्षेप चूक होते?" बाबांनी विचारलं.

"एकही नाही," सर म्हणाले. "तेच तर मी यात समजावलंय. सातही मुद्दे. शिवाय ते सगळं प्रेमापोटी होतं, असंही लिहिलंय. सातव्या मुद्द्यात."

"सातव्या..."

"हो."

बाबा पुन्हा वाकले. या खेपेला त्यांनी अख्खा मजकूर वाचला, बोटानं हळूहळू वर सरकवत, उलट्या बाजूनं, जणू पलीकडे धारवाडला बसून. बराच वेळ लागला. सर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी मुलं त्यांच्याकडे अशीच पाहत.

वाचून झालं. बाबा म्हणाले,

"पुसा."

तीन महिने खपून लिहिलेला मजकूर होता तो. सातव्या मुद्द्यात 'तरीही' हा शब्द तीनदा आला होता, आणि तो प्रत्येक वेळी आवश्यक होता.

पण बाबांच्या आवाजात काही तरी होतं. सरांनी खोडायच्या कळीवर बोट ठेवलं आणि दाबून धरलं.

अक्षरं मागे मागे सरकत जाऊ लागली. 'प्रेमापोटी' गेलं. तिन्ही 'तरीही' गेले. सहावा, पाचवा, चौथा. मग ईईई गेलं. ईई गेलं. ई गेला.

पडदा शांत झाला.

सरांनी वर पाहिलं. बाबांचा अडकित्ता हवेतच थांबला होता. भुवया थोड्या वर गेल्या होत्या. ती शाबासकी असावी, असं सरांना वाटलं.

पडद्यावर आता फक्त रुजुता उरलं होतं, आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी एक उभी रेघ. रोमन एकासारखी. येत होती, जात होती.

"आता?" सरांनी विचारलं.

इथे बाबा तो शब्द दुसऱ्यांदा म्हणाले असावेत. किंवा नसावेत. वारा होता, आणि सरांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं.

"नावसुद्धा?"

बाबा पडद्याकडे वाकले.

सरांचं बोट पुन्हा त्या कळीकडे निघालं. सहा वर्षांत त्यांनी तिचा फोटो भिंतीवरून काढला नव्हता, तिचा कप कुणाला दिला नव्हता. आता हे...

बाबांनी झटकन त्यांचं मनगट पकडलं.

त्या म्हाताऱ्या पकडीत केवढी ताकद होती! शिसं उचलून उचलून आलेली. बाबांनी दुसऱ्या हातानं फोनवर काही तरी बदललं, तशी इंग्रजी अक्षरं गेली आणि मराठी आली. मग त्यांनी सरांचं बोट धरून, लहान मुलाचं पाटीवर धरतात तसं, एका अक्षरावर टेकवलं.

"दाबा. उचलू नका."

"किती वेळ?"

"उचलू नका म्हनलं ना."

बोटाच्या वर एक पट्टी उघडली. एरवी न दिसणारी अक्षरं तिथे रांगेत बसली होती. मधोमध ऋ होता.

"हा इथे होता?" सरांचा आवाज चिरकला. "वर्षभर शोधतोय मी."

"टिचकी मारून शोधला असन," बाबा म्हणाले.

ऋजुता झालं. सर त्याकडे पाहत राहिले. बाबांनी बोट सोडलं नव्हतं. ते त्यांनी उचलून खालच्या कोपऱ्यात, पूर्णविरामाच्या टिंबावर नेलं.

"इथी बी."

"इथे काय आहे? हा पूर्णविराम."

"दाबा."

सरांनी दाबलं. काही झालं नाही. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा नदीकडे पाहत होते. सरांनी बोट उचललं नाही.

टिंबाच्या वर पट्टी उघडली. तिच्यात प्रश्नचिन्ह होतं.

"पूर्णविरामाच्या खाली?" सर पुटपुटले.

"तिथीच राह्यते."

सरांनी ते घेतलं. पडद्यावर आता एवढंच होतं: ऋजुता?

तिन्हीसांजेला घरात शिरताना, दिवे लागलेले नसले की ते असंच म्हणत. चप्पल काढता काढता. मग आतून कुठून तरी आवाज येई, कधी न्हाणीघरातून, कधी माळ्यावरून.

पाठवायची खूण त्यांनी स्वतः दाबली. बाबांनी त्यात हात घातला नाही.

बारीकशी एक टिक उमटली. एकच.

"एवढंच गेलं," सर म्हणाले. "एक शब्द. केवढी जागा मोकळी राहिली बाबा. तिला काय कळणार?"

बाबांनी अडकित्ता उचलला.

"मोकळी जागा फुकट येत नाही, सर. छापखान्यात तिलेही शिसंच भरा लागे."

पार्बताबाईंनी भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आणून ठेवला.

दुसरी टिक रिक्षातच उमटली. उत्तर मात्र आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सर फोन उशाशी घेऊन झोपत, स्नानाला जाताना बिस्किटांच्या डब्यावर उभा करून ठेवत. आपण सातही मुद्दे खोडले ही केवढी घोडचूक झाली, असं त्यांना रोज एकदा वाटे. ते खोडले म्हणून बरं झालं, असंही रोज एकदा वाटे.

अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

एकच अक्षर होतं.

ओ.

सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. चुकून बोट लागलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. मग ते पलंगावर बसले.

त्यानंतर महिन्यातून एकदा फोन होऊ लागला. पाच मिनिटं, फार तर सहा. धारवाडचं पाणी गोड होतं. चष्मा लागला होता, लांबचा.

ही हकिगत सरांनी पुढे अनेकांना सांगितली, दोन समारंभांतून भाषणातही सांगितली. बाबांनी मला खोडायला शिकवलं, असं ते शेवटी म्हणत. लोक माना डोलावत.

पाच वर्षांनी सर पुन्हा टेकाडावर गेले. बाबा आदल्या उन्हाळ्यात गेले होते. झाड चिंचेचं नव्हतंच, कडुलिंबाचं निघालं. पार्बताबाई ओट्यावर बसून गावातल्या पोरींच्या पाट्या ओल्या फडक्यानं साफ करत होत्या. बाबांच्या मागे त्या तिथे मुळाक्षरं शिकवत.

"या, सर. रस्ता बदलला ना आता? कोणाले पुसून आले?"

सर पायरीवर होते तिथेच थांबले.

"काय म्हणालात?"

"म्हनलं, वाट कोणाले पुसली?"

सरांनी पार्बताबाईंच्या हातातल्या पाटीकडे बोट दाखवलं.

"पार्बताबाई, हे तुम्ही करताय... पाटीवरचं लिहिलेलं काढताय, त्याला इथे काय म्हणतात?"

"मिटवनं."

"बाबाही तसंच म्हणत?"

"बाबा इथलेच ना सर. दुसरं काय म्हंतीन?"

"मग पुसणं?"

पार्बताबाई हसल्या. एवढा शिकलेला माणूस, अन् हे विचारतो.

"पुसनं म्हंजे, हे आता तुमी मले करून रायले ना, ते."