नाव परत मागणारं झाड

सगळा दोष भोजराज मुखियाचा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण भोजवस्तीतल्या मोठ्या माणसांना विचाराल तर ती म्हणतील, "नशीब, दुसरं काय!" नशीब कुऱ्हाड घेऊन डोंगर चढत नाही. भोजराज चढला होता. आणि बाकीची मोठी माणसं दोरखंड घेऊन त्याच्या मागून मुकाट चढली होती.

भोजवस्ती होती हिमालयात, आभाळाच्या अगदी खालच्या पायरीवर. तिथे ढग अंगणात येऊन बसायचे. शिखरं सकाळी गुलाबी, दुपारी पांढरीशुभ्र आणि संध्याकाळी केशरी व्हायची. वस्तीच्या डोक्यावरच्या उतारावर एके काळी भोजाचं बन होतं. ज्याच्या सालीला भूर्जपत्र म्हणतात, तेच हे झाड. दुधासारखं खोड, त्यावर पातळ पातळ पापुद्रे, वरचा चांदीचा, खालचा गुलाबी, त्याच्याही खालचा तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखा. वारा आला की सगळं बन कुजबुजायचं.

त्या झाडावरून वस्तीला नाव मिळालं भोजवस्ती. झरा तो भोजझरा. पलीकडची खिंड ती भोजखिंड. आणि मुखिया ज्या दिवशी मुखिया झाला, त्या दिवशी त्यानं आपलं जुनं नाव टाकून नवं घेतलं, भोजराज. भोजांचा राजा!

मग राजानं भोज तोडायला काढले. दुमजली घरासाठी तोडले. मुलाच्या लग्नात शेकोट्या पेटवायला तोडले. पूर्वी झाडानं आपणहून टाकलेली साल तेवढी उचलायची रीत होती. भोजराज म्हणाला, "वाट कोण बघत बसणार?" आणि त्यानं उभ्या झाडांची साल गोल गोल सोलून काढली. सोललेली झाडं उभ्या उभ्या वाळली. नाव सगळीकडे राहिलं, बन गेलं. उताराच्या मधोमध एकच झाड उरलं.

बन होतं तेव्हा बर्फ झाडांच्या पायाशी मांजरासारखं अंग गोळा करून बसायचं. बन गेलं आणि त्या मांजराचा वाघ झाला. एका हिवाळ्यात तो वरून धावत आला आणि बकऱ्यांचा गोठा घेऊन गेला. पुढच्या हिवाळ्यात भोजलीच्या बाबांना घेऊन गेला.

भोजली म्हणजे इवलीशी, शेंबड्या नाकाची, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी. वस्तीची रीत अशी, की बाळ जन्मलं की नाव ठेवणार मुखिया. आईबापांनी नुसती मान डोलवायची. भोजलीच्या कानात तिचं नाव त्यानंच सांगितलं होतं, तेही जांभई देत. पण आई जसुली ते नाव असं घ्यायची, की जणू ओंजळीतून मध सांडतोय. "भोजलीऽऽ" अशी हाक आली की पोर कुठेही असो, तिच्या पोटात ऊब यायची.

आता आईला फार लांब हाक मारता येत नव्हती. जवळ लाकूड उरलं नाही म्हणून ती लांबच्या कड्यावर गेली, पडली आणि तिचा पाय मोडला. ती अंथरुणातून उठू शकत नव्हती. भोजली बर्फ वितळवून पाणी करायची, सातूची पेज शिजवायची, आणि कोरड्या गवतावर आईला बिलगून वरचा आवाज ऐकायची. गुर्रर्र. डोंगर दात खात होता.

"आई, वाघ आला तर?"

"तू पळायचं, चिमणे."

"आणि तू?"

आई तिच्या केसांतून बोटं फिरवत राहायची.

हिवाळा सरत आला. ऊन तापू लागलं, तसं वरचं बर्फ जड आणि ओलं झालं. आणि एके दिवशी भोजराज मुखियाच्या दुमजली घराचं छप्पर गळलं. टप! थेंब त्याच्या नाकावर पडला. वस्तीवर डोंगर कोसळेल याची त्याला कधी काळजी वाटली नव्हती. पण नाकावर थेंब! त्यानं लगेच सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"छपराखाली भोजाची साल घालावी लागेल," तो म्हणाला. "शेवटचं झाड सोला. कोण जातंय?"

मोठी माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागली. कोणी खोकलं. कोणाच्या पाठीत एकदम चमक भरली. भोजलीच्या शेजारचे गुमानकाका म्हणाले, "उतारावर आता बर्फ धरत नाही, मुखियाजी. जड माणूस चढला तर सगळंच खाली यायचं. एखादं हलकं पोर असेल तर..."

सगळ्यांनी भोजलीकडे पाहिलं. कोणालाही लाज वाटली नाही.

"मी नाही," भोजली म्हणाली. "बाबांना तिथंच नेलं बर्फाच्या वाघानं."

"उलट बोलतेस?" भोजराज गुरकावला. "मग तुझ्या आईला बिछान्यासकट खिंडीपलीकडे टाकून येतो. वस्तीत फुकट खाणारं तोंड नको."

भोजलीनं गुमानकाकांकडे पाहिलं. गुमानकाका अजून गुडघ्याकडेच बघत होते. तिनं सुरी घेतली.

उतार लखलखत होता. बर्फावर हिऱ्यांचा चुरा सांडल्यासारखा दिसत होता, निळा, जांभळा, मोरपिशी. किती सुंदर, आणि किती भयंकर! प्रत्येक पावलाला खालून काहीतरी कण्हत होतं. भोजली श्वाससुद्धा हळू घेत होती. जुन्या झाडांचे बुंधे बर्फातून डोकावत होते, बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. तिला वाटलं, तेही आपल्याकडेच बघताहेत.

शेवटचं झाड थरथरत होतं. वारा नव्हता, तरी थरथरत होतं. भोजलीनं सुरी सालीला टेकवली. तिचा हात पुढे जाईना. सालीवर खोडाला अर्धवट वेढणारी एक जुनी जखम होती, तांबूस, ओली.

"तुला दुखतंय," भोजली पुटपुटली आणि तिनं सुरी लांब फेकून दिली. गळ्यातला फाटका लोकरी रुमाल सोडून तिनं त्या जखमेवर बांधला. "माझ्याकडे एवढंच आहे गं."

तेव्हा सालीची एक चिमुकली गुंडाळी हळूच उलगडली आणि आतून परी बाहेर आली. वीतभर उंचीची. केसांत पिवळ्या तुऱ्यांच्या माळा, पंख कागदासारखे पातळ, त्यांतून ऊन गुलाबी होऊन गळत होतं. पण पंखांच्या कडा फाटलेल्या होत्या, आणि तिच्या दंडावर तशीच जखम होती, झाडाच्या खोडावर होती तशी. त्या दंडावर आता लोकरीचा एक इटुकला धागा बांधलेला होता.

भोजली घाबरून मागे सरली.

"भिऊ नकोस असं मी म्हणणार नाही, राणी," परी म्हणाली. तिचा आवाज पानांच्या सळसळीसारखा होता. "मीसुद्धा भितेय. माझी मुळं थकली. एवढं बर्फ आता मला एकटीला पेलवत नाही."

"ते खाली येणार?"

"येणार."

"माझी आई खाली आहे. तिला चालता येत नाही!"

परीनं डोळे मिटले. "मी एक इच्छा पुरी करू शकते. पण तिला नियम आहे. तुमच्या वस्तीनं माझं नाव सगळीकडे लावलं आणि मला मात्र सोलून काढलं. ज्याला इच्छा मागायची, त्यानं माझ्यावरून घेतलेलं आपलं नाव मला परत द्यायचं. आणि ज्याचं नाव त्यानंच द्यायचं, स्वतःच्या मनानं. दुसऱ्याचं नाव देऊ पाहील, त्याचं स्वतःचंच जाईल."

"नाव दिलं की काय होतं?"

"मग तुला कोणी हाक मारू शकत नाही. तुझी आई तुझ्याकडे बघेल, तोंड उघडेल, आणि तिला काहीच आठवणार नाही. तुला वाटेल आत्ता मारेल हाक, आत्ता मारेल. ती मारणार नाही."

वाघाची भीती वाटत होतीच. ही भीती त्याहून मोठी होती.

"मी... मी एकदा आईची हाक ऐकून येऊ? शेवटची?"

"ये, बाळ. पण पळत ये."

भोजली घसरत, धडपडत खाली आली. उताराच्या पायथ्याशीच भोजराज उभा होता, बगलेत कुऱ्हाड घेऊन.

"साल कुठाय, कार्टे?"

भोजलीला खोटं बोलता येत नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, परी, इच्छा, दोन्ही नियम. "मुखियाआजोबा, सगळ्यांना घेऊन खिंडीकडे जा. माझ्या आईला उचला. बर्फ येणार आहे!"

भोजराजानं त्यातलं एकच ऐकलं. इच्छा. मोठ्यांचे कान असेच असतात, हवं तेवढंच आत घेतात.

"चल वर," त्यानं तिचं मनगट धरलं. "तू पुढे चाल. बर्फ फुटलं तर आधी तुला कळेल."

"पण नियम, आजोबा! ज्याचं नाव त्यानंच..."

"तुझं नाव कोणी ठेवलं?"

"तुम्ही."

"मग ते कोणाचं झालं?" तो खदखदून हसला. "म्हणे तुझं! पोरांचं काय असतं?"

त्याच्या जड बुटांखाली उतार कण्हायचा थांबला आणि कुरकुरू लागला. भोजली रडत होती, पण आवाज न करता. आवाजानंही बर्फ जागं होतं, हे वस्तीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. ऊन कलतं झालं होतं. परी झाडाच्या फांदीवर बसली होती, मेणबत्तीच्या ज्योतीसारखी, फिकट.

"ए परी!" भोजराज ओरडला. वर कुठेतरी काहीतरी तडकलं. "माझ्या घराला सोन्याचं छप्पर दे. कधी गळणार नाही असं. बदल्यात या पोरीचं नाव घे."

"ते तुझं नाही," परी हळुवारपणे म्हणाली. "अजून वेळ आहे. परत फिर."

"मी ठेवलंय ते! वस्तीतलं प्रत्येक नाव माझं आहे!"

परीनं मान खाली घातली. तिला राग आला नव्हता. भोजलीला तेच जास्त भयंकर वाटलं. मुखियाच्या ओठांवरून काहीतरी सुटलं, पातळ, पांढरं, सालीच्या पापुद्र्यासारखं. ते हवेत गुंडाळत गुंडाळत गेलं आणि झाडाच्या खोडाला जाऊन चिकटलं.

"काय केलंस? मी मुखिया आहे! मी... मी..." त्यानं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. नाव नव्हतं. मासा पाण्याबाहेर करतो तसं त्याचं तोंड होत राहिलं. मग त्यानं संतापानं कुऱ्हाड उचलली आणि झाडावर घातली.

खण्ण!

डोंगरानं दात खायचं थांबवलं. क्षणभर इतकी शांतता झाली, की भोजलीला स्वतःच्या पापण्या ऐकू आल्या. मग वर, अगदी वर, शुभ्र उतारावर एक निळी रेघ उमटली. रेघ रुंद झाली. आणि वाघ उठला.

मुखिया कुऱ्हाड टाकून पळाला. भोजलीही पळू शकली असती. ती हलकी होती. पण खाली वस्ती होती, एका घराच्या धुराड्यातून बारीक धूर निघत होता, आणि त्या घरात अंथरुणाला खिळलेली आई होती.

भोजलीनं झाडाला घट्ट मिठी मारली. "माझं नाव घे! मी देते. माझं आहे ते, माझ्या आईनं रोज हाक मारून मारून माझं केलंय. घे आणि बर्फ थांबव!"

तिच्या पोटातली ऊब कोणीतरी दिवा मालवावा तशी गेली. आपण कोण, तेच तिला कळेना. एवढंच कळत होतं, की झाड सोडायचं नाही.

परी फांदीवर उभी राहिली. तिचे फाटके पंख सोनेरी झाले, मग केशरी, मग इतके पांढरे की बघवेना. आणि बर्फाखालच्या प्रत्येक जुन्या बुंध्यातून एक कोवळं, सडपातळ, चंदेरी खोड सर्रकन वर आलं. सगळा उतार भरून गेला. लाटेसारखं बर्फ गर्जत आलं, झाडांवर आपटलं, फुटलं, पुन्हा आपटलं. फांद्या वाकल्या, खोडं करकरली, पण एकही मोडलं नाही. शेवटी वाघानं एक लांब सुस्कारा सोडला आणि तो मांजर होऊन झाडांच्या पायाशी बसला.

चंदेरी फांद्यांवर पोपटी पानं फुटली, इवली इवली, लाखो.

"जो हिसकावतो त्याचं नाव मी ठेवून घेते," परी म्हणाली. "जो देतो त्याचं मी पेरते." आणि ती प्रकाशात विरघळली, आधी पंख, मग केस, मग दंडावरचा तो लोकरीचा इटुकला धागा.

मुलगी खाली आली. आई फरपटत दारापर्यंत आली होती. तिनं मुलीला पाहिलं. तोंड उघडलं. तिचे ओठ हलले, आणि काहीच आलं नाही. मुलगी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत यावं की नाही, तिला कळेना.

तेवढ्यात वरून वारा आला. लाखो पानं एकदम सळसळली, आणि जे म्हणाली ते सगळ्या वस्तीनं ऐकलं. भोजली, भोजली, भोजली.

"भोजलीऽऽ!" आई ओरडली. "अगं भोजली! बाहेर काय उभी राहतेस? ये ना!"

पोटातली ऊब परत आली. भोजली धावत गेली.

त्या उताराला आता भोजलीचं बन म्हणतात. झाड जी साल आपणहून टाकतं, तीच उचलायची, हा नियम लहान मुलांनी केला. मोठ्यांना कोणी विचारलं नाही. भोजाच्या गळून पडलेल्या फांद्यांच्या कामट्या आणि मऊ साल बांधून आईचा पाय बरा झाला. गुमानकाका पहिली साल भोजलीच्या छपराला घालून गेले. माफी मात्र त्यांनी मागितली नाही. मोठी माणसं मागत नाहीत.

आणि मुखिया? तोही जिवंत परतला. त्याचं छप्पर गळतच राहिलं. पुढे तो खूप वर्षं जगला. त्याला कोणी एकदाही हाक मारली नाही.