गालिचा वाळेना, चिचुंद्री निजेना

एवढीशी, एवढीशी, मुठीत मावेल एवढीशी एक चिचुंद्री होती. नाक लांब. शेपूट छोटी. ती चालायची लुटुलुटु, लुटुलुटु. बोलायची चूं चूं, चूं चूं.

बकुळाकाकूंच्या घरात एक गालिचा होता. लाल लाल. जाड जाड. त्याचा एक कोपरा होता दुमडलेला. त्या दुमडीत चिचुंद्री निजायची. ऊबच ऊब!

आली संक्रांत. थंडी पडली कडाक्याची. काकू म्हणाल्या, "संध्याकाळी हळदीकुंकू. बायका येणार. गालिच्यावर बसणार. गालिचा धुवायलाच हवा!"

एवढ्या थंडीत गालिचा कोणी धुतं का? काकूंनी धुतला! घसाघसा घासला. बदाबदा पाणी ओतलं. कुंपणावर वाळत टाकला.

न्याहारी झाली. गालिचा टप टप, टप टप. जेवणं झाली. तरी टप टप, टप टप!

चिचुंद्री आली निजायला. दुमडीत शिरली. अगं आई गं! गार गार गार! नाक ओलं. शेपूट ओली. बाहेर आली ती कुडकुड, कुडकुड.

"गालिच्या रे गालिच्या, वाळ ना! मी निजू कुठे?"

गालिचा शिंकला. आक् छी! "छे छे, अं हं! मी नाही वाळणार. ऊन येईल तर वाळेन."

चिचुंद्री निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. ऊन बसलं होतं धुक्याच्या मागे. नुसतं नाक दिसत होतं.

"उन्हा रे उन्हा, ये ना!
गालिचा वाळेना,
मी निजू कुठे?"

ऊन म्हणालं, "छे छे, अं हं! मी नाही येणार. धुकं हलेल तर येईन."

चिचुंद्री निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. धुकं बसलं होतं अंगणात. लठ्ठ लठ्ठ. पाय पसरून.

"धुक्या रे धुक्या, हल ना!
ऊन येईना,
गालिचा वाळेना,
मी निजू कुठे?"

धुकं म्हणालं, "छे छे, अं हं! मी नाही हलणार. वारा ढकलेल तर हलेन."

चिचुंद्री निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. वारा कुठे होता? रांजणात लपला होता! हूऽऽ हूऽऽ करत होता. वाऱ्यालाच थंडी वाजत होती. घ्या आता!

"वाऱ्या रे वाऱ्या, वाह ना!
धुकं हलेना,
ऊन येईना,
गालिचा वाळेना,
मी निजू कुठे?"

वारा म्हणाला, "छे छे, अं हं! मी नाही वाहणार. बोकड मफलर देईल तर वाहीन."

चिचुंद्री निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. बोकड उभा होता गोठ्यात. गळ्यात घरातल्या आजोबांचा मफलर. हिरवा हिरवा. एक टोक त्याने खाल्लंही होतं.

"बोकडा रे बोकडा, मफलर दे ना!
वारा वाहेना,
धुकं हलेना,
ऊन येईना,
गालिचा वाळेना,
मी निजू कुठे?"

बोकड म्हणाला, "बेंऽऽ! छे छे, अं हं! मी नाही देणार. शेकोटी पेटेल तर देईन."

चिचुंद्री निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. शेकोटी होती परसात. विझलेली. रुसलेली. राखेत तोंड खुपसलेली.

(काय म्हणता? गालिचाच शेकोटीवर धरू? अहो, गालिचा आहे तो, भाकरी नाही!)

"शेकोटी गं शेकोटी, पेट ना!
बोकड मफलर देईना,
वारा वाहेना,
धुकं हलेना,
ऊन येईना,
गालिचा वाळेना,
मी निजू कुठे?"

शेकोटी म्हणाली, "छे छे, अं हं! मी नाही पेटणार. आजोबा उठून फुंकतील तर पेटेन."

चिचुंद्री निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. आजोबा होते खाटेवर. अंगावर एक गोधडी. तिच्यावर दुसरी गोधडी. तिच्यावर तिसरी गोधडी. सगळ्यात वर मांजर.

"आजोबा अहो आजोबा, उठा ना!
शेकोटी पेटेना,
बोकड मफलर देईना,
वारा वाहेना,
धुकं हलेना,
ऊन येईना,
गालिचा वाळेना,
मी निजू कुठे?"

गोधडीतून आवाज आला, "छे छे, अं हं! मी नाही उठणार. काकू लाडू देतील तर उठेन."

चिचुंद्री निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. आता पाय दुखायला लागले होते. काकू होत्या स्वयंपाकघरात. तिळाचे लाडू वळत होत्या. भराभर, भराभर.

"काकू अहो काकू, लाडू द्या ना!
आजोबा उठेनात,
शेकोटी पेटेना,
बोकड मफलर देईना,
वारा वाहेना,
धुकं हलेना,
ऊन येईना,
गालिचा वाळेना,
मी निजू कुठे?"

काकू म्हणाल्या, "छे छे, अं हं! मी नाही देणार. हळदीकुंकवाचे लाडू आहेत हे. आधी गालिचा वाळू दे!"

आता? काकू म्हणतात, गालिचा वाळू दे. गालिचा म्हणतो, ऊन येऊ दे. फिरून फिरून भोपळे चौकात!

चिचुंद्री मटकन खाली बसली. रडायला लागली. चूं... चूं... चूं...

काकू लाडू वळत होत्या. भराभर, भराभर. त्यातून एक तीळ उडाला. टुण्ण! चिचुंद्रीच्या नाकावर पडला. गुळाने माखलेला. गोड गोड.

चिचुंद्रीच्या तोंडाला पाणी सुटलं. भूक तर केवढी लागली होती! पण तिने तीळ खाल्ला नाही. धरला दातांत आणि पळाली आजोबांकडे. लुटुलुटु, लुटुलुटु!

"आजोबा अहो आजोबा, तिळगूळ घ्या, गोड बोला!"

आजोबांनी गोधडीतून एक डोळा काढला. "हा लाडू? हा तर एकच तीळ!" पण घेतला. जरासा कुरतडला. मग म्हणायला गेले, "छे..."

पण छे कसं म्हणणार? तिळगूळ खाल्ला ना! मग गोडच बोलायला हवं. संक्रांतीला दुसरं काही चालतच नाही.

आजोबा म्हणाले, "हो हो, अगदी हो!" आजोबा उठले. मांजर पडलं. उरलेला तीळ घेऊन चिचुंद्री पुढे पळाली.

"शेकोटी गं शेकोटी, तिळगूळ घे, गोड बोल!"
"हो हो, अगदी हो!" आजोबांनी फुंकलं. फूऽऽ! शेकोटी पेटली. तडतड, तडतड.

"बोकडा रे बोकडा, तिळगूळ घे, गोड बोल!"
"बेंऽऽ! हो हो, अगदी हो!" बोकडाने मफलर दिला.

"वाऱ्या रे वाऱ्या, तिळगूळ घे, गोड बोल!"
"हो हो, अगदी हो!" वाऱ्याने मफलर घातला. वारा सुटला. सूं सूं, सूं सूं! वारा दिसतो का? नाही दिसत. आकाशात नुसता मफलरच पळत होता!

आजोबा ओरडले, "अरे, माझा मफ..." पण तिळगूळ खाल्ला होता ना! म्हणाले, "शोभतो हो तुला!"

"धुक्या रे धुक्या, तिळगूळ घे, गोड बोल!"
"हो हो, अगदी हो!" वाऱ्याने ढकललं. धुकं हललं. घरंगळत घरंगळत गेलं.

"उन्हा रे उन्हा, तिळगूळ घे, गोड बोल!"
"हो हो, अगदी हो!" ऊन आलं. लख्ख!

"गालिच्या रे गालिच्या, तिळगूळ घे, गोड बोल!"
"हो हो, अगदी हो!" काकूंनी गालिचा पालटला. काठीने झोडला. धप धप, धप धप! गालिचा वाळला. खडखडीत!

आणि तीळ? तीळ संपला. एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला. चिचुंद्रीला काहीच उरलं नाही.

नसेना का! आता निजायचं होतं ना. पण काकूंनी गालिचा घरात नेला. पसरला. आणि कोपरा केला सरळ! दुमड गेली! चिचुंद्री निजणार कुठे?

तेवढ्यात बायका आल्या. गालिच्यावर बसल्या. प्रत्येकीला हळदीकुंकू. प्रत्येकीला लाडू. प्रत्येकीला एकेक वाटीचं वाण. सगळ्या खूश!

दाराशी कोण? चिचुंद्री. नाक खाली. शेपूट खाली. एकटीच.

आजोबा म्हणाले, "सूनबाई, हिच्यामुळे वाळला हो गालिचा!"

काकू म्हणाल्या, "अगं बाई! ये गं ये, आत ये!" काकूंनी तिला हळदीकुंकू लावलं. काडीने, हळूच. हातात लाडू दिला. लाडू मोठा, चिचुंद्री छोटी. "तिळगूळ घे, गोड बोल!"

चिचुंद्री म्हणाली, "चूं!" गोड गोड.

पण वाट्या तर संपल्या! आता वाण काय द्यायचं? काकूंनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "सरका गं बायांनो, सरका जरा!" सगळ्या सरकल्या. काकूंनी गालिच्याचा कोपरा उचलला. दुमडला. वर हात फिरवला.

"हा कोपरा तुझा. कायमचा. हे तुझं वाण!"

चिचुंद्री दुमडीत शिरली. नाक कोरडं. शेपूट कोरडी. ऊबच ऊब! लाडवाचा एक घास खाल्ला आणि निजली. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

गालिचा वाळला, गोष्ट वाळली, घडी करून उशाशी ठेवली.