नाक्यावरचं सीमांतपूजन

टोलनाका वेशीच्या अलीकडे होता की पलीकडे, हे मला आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. वेशीवरच होता असं धरून चालतो. चुकत असेन तर क्षमा असावी.

गाव अलीकडे आणि शेतं पलीकडे. स्वतःच्या शेतावर टेंपो न्यायचा तरी टोल. गावाने विनवण्या केल्या, पण कंत्राटदार धैर्यशीलराव गरजले, "नवरदेव आला तरी फुकट सोडणार नाही!"

दुसऱ्या दिवशी वांग्यांच्या टेंपोत मुंडावळ्या बांधलेला भागुजी बसून आला. शेजारी करवली म्हणून कमळाक्का, मागे वाजंत्री आणि अख्खं गाव. धैर्यशीलरावांनी स्वतः बांबू आडवा केला.

कमळाक्का खाली उतरल्या. "राम राम, व्याही! नवरदेवाला वेशीवर थांबवतो तो मुलीचा बाप. घ्या तांब्या, धुवा पाय. पोशाख कुठाय?"

"अहो, मला मुलगीच नाही!"

"मग कुठल्या नात्यानं अडवलंत?"

मानपान झाल्याशिवाय वऱ्हाड हलत नसतं. रस्त्यावरच सतरंज्या पडल्या. मागे अडकलेले ट्रकवालेही चहाच्या आशेने पंगतीत बसले, आणि त्यातला एक तर चक्क रुसला. दुपारपर्यंत नाक्यावरून एकही गाडी पुढे सरकली नाही. अखेर धैर्यशीलरावांनी हात जोडले. "गावच्या गाड्यांना कायमचा टोल माफ, पण हे लग्न आवरा!"

पुढे बऱ्याच वर्षांनी, भागुजीचं ते लग्न शेवटी कुणाशी लागलं ही शंका फिटावी म्हणून मी त्याच्या घरी गेलो. चहा कमळाक्कांनीच आणला. त्या त्याची बायको होत्या, आणि त्या दिवशी ढोल वाजवत होता तो त्यांचा थोरला मुलगा.