कागदाखालचे नाव

फार जुनी गोष्ट नाही. घरोघरी मोबाइल पोचले होते आणि तरीही माणसे टाक्यांत उतरून मरत होती, एवढी अलीकडची. एका औद्योगिक वसाहतीच्या कडेला तेव्हा एक वृद्ध गृहस्थ राहत असत. चाळीस वर्षे कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काढूनही हाताची दहाही बोटे शाबूत आहेत, हीच आपली पदवी, असे ते म्हणत. कामगार त्यांना आप्पा म्हणत.

त्यांची एक शिष्या होती. शिकलेली, कष्टाळू आणि एका दुःखाने आतून पोळलेली. सहा वर्षांपूर्वी तिचे काका सांडपाण्याच्या टाकीत उतरले, ते जिवंत वर आले नाहीत. माहिती नव्हती म्हणून माणूस गेला, असे तिने तेव्हाच मनाशी धरले आणि भेटेल त्याला तेच सांगत आली. आणखी कोणाच्या घरावर ही वेळ येऊ नये म्हणून वर्षभर खपून तिने कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचे एक संकेतस्थळ उभे केले. त्यात कायद्याची कलमे होती, वायूंचे गुणधर्म होते, आकृत्या, चित्रफिती आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळत होते. तीनशे चाळीस पाने! वाचायला मात्र चिटपाखरू फिरकत नव्हते. आठवडाभरात नऊ भेटी झाल्या, त्यांतल्या सात तिच्याच.

एके दिवशी सकाळीच ती लॅपटॉप घेऊन आप्पांकडे आली. आप्पांनी चष्मा पुसून पाने चाळली. अगदी तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती, ती त्यांनी मोठ्याने वाचली. "येथील माहितीच्या वापरातून उद्भवणाऱ्या परिणामांस आम्ही जबाबदार नाही. ही कशाला गं?"

"सगळेच लिहितात, सर."

आप्पा नुसते 'हं' म्हणाले.

इतक्यात फाटकाशी सायकल थांबली. पलीकडे एका व्यापाऱ्याचा पशुखाद्याचा कारखाना होता. तिथे मळीच्या टाक्या साफ करणारा दस्तगीर आला होता. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. तो टाकीच्या तळाशी आंबला, की आतली हवा जीवघेणी होते. दस्तगीर बसला नाही, उभ्यानेच बोलू लागला.

"आप्पा, टाकीत उतर म्हनत्यात. दुपारी टँकर यायचाय, त्येच्या आत साफ पायजे."

"पंखा लावलाय?"

"न्हाई."

"वर दोर धरायला कोण?"

"कोन न्हाई. धा मिनटांचं काम हाय, म्हनतोय मुकादम."

शिष्या ताडकन उठली. "थांबा दादा, हे बघा आधी," म्हणत तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि चांगली पाच मिनिटे सगळे समजावून सांगितले. दस्तगीरने अदबीने ऐकून घेतले.

"बरोबर हाय ताई," तो म्हणाला. "गेल्या साली मांजर पडलं हुतं आत. आवाजसुदिक निघाला न्हाई त्येच्या तोंडातनं. मान्साचं आधी कान वाजत्यात, मग पाय आपलं ऱ्हात न्हाईत."

हे तिच्या तीनशे चाळीस पानांत कुठेच नव्हते.

आप्पांनी तोवर एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू पुढे ओढली होती. जाड पेनाने, पाटीवर लिहावे तशा ठळक अक्षरांत त्यांनी लिहिले : 'आज या टाकीत कोणी उतरायचे नाही. आधी पंखा लावा, यंत्राने हवा तपासा, दोर बांधा, वर माणूस ठेवा.' खाली आपले पूर्ण नाव लिहिले, फोन नंबर लिहिला आणि कागद दस्तगीरच्या हातात दिला. त्याने तो वाचलासुद्धा नाही. घडी करून वरच्या खिशात ठेवली, "येतो आप्पा" म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

"सर, तुम्ही त्याला काहीच समजावलं नाहीत!" शिष्येच्या आवाजात राग होता आणि भीतीही होती. "तो उतरला तर?"

आप्पांनी चहा टाकला. ती फाटकाकडे पाहत बसली. पाऊण तासाने फोन वाजला. पलीकडे व्यापारी स्वतः होता आणि त्याचा चढलेला आवाज तिलाही ऐकू येत होता. आप्पांनी एवढेच सांगितले, "हो, मीच लिहिलंय. टँकर थांबेल. तपासणी यंत्र माझ्याकडून घेऊन जा." मग फोन खाली ठेवला आणि ते तिच्याकडे वळले.

"त्याला ती टाकी तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. तो इथं शिकायला आला नव्हता. मुकादमासमोर तो एकटा 'नाही' म्हणाला, तर कामचुकार ठरतो. उद्यापासून कामावर येऊ नको म्हणतात. कागद 'नाही' म्हणाला, तर कागदाला कोण कामावरून काढणार? अगं, माहिती त्याच्याकडे होतीच. पाठीशी कोणी नव्हतं."

तिने लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाली, "काका अठरा वर्षं टाक्या साफ करत होते."

आप्पांनी मान हलवली.

"मग त्यांना माहीत होतं, सर." तिचे डोळे भरून आले. सहा वर्षे ती ज्या माणसासाठी झुरत होती, त्यालाच सहा वर्षे अडाणी ठरवत आली होती. याची तिला मनापासून लाज वाटली. आप्पांनी तिचे सांत्वन केले नाही. चहाचा कप तेवढा तिच्यापुढे सरकवला.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तेव्हा दस्तगीर आप्पांपुढे डोके खाजवत उभा होता. कागद त्याच्यापाशी राहिला नव्हता. शेजारच्या शेडमधल्या माणसाने मागून नेला होता आणि तिथून तो आणखी पुढे गेला होता. नवा मिळेल का, असे तो विचारत होता.

"बघ," आप्पा शिष्येला म्हणाले, "माझा कागद एका वेळी एकाच खिशात मावतो. तुझं तसं नाही."

तिला पुढचे सांगावे लागले नाही. तिने संकेतस्थळ मोडून पुन्हा रचले. नाव नोंदवायचे नाही, परीक्षा द्यायची नाही. उघडताच एकच प्रश्न : 'काय करायला सांगितले आहे?' त्याखाली टाकीत उतरणे, पत्र्यावर चढणे, चालू यंत्रात हात घालणे अशी कामे, कामगारांच्याच शब्दांत. त्यांतल्या एकावर बोट ठेवले, की एकच पान उघडे. त्यावरची अक्षरे इतकी मोठी, की वाद घालणाऱ्या दोन माणसांत जेवढे अंतर असते तेवढ्यावरून वाचता यावीत. बाकीची तीनशे चाळीस पाने तिने मुकादमांसाठी आणि मालकांसाठी मागे ठेवली.

तळाच्या ओळीपाशी मात्र तिचा हात दोन दिवस अडला. शेवटी ती ओळ तिने पुसली आणि त्या जागी आपले नाव आणि नंबर लिहिला.

आता भेटी वाढल्या. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त कोणी थांबत नसे. पूर्वी याचेच तिने वाईट वाटून घेतले असते.

पुढे एका दुपारी ती वसाहतीतून चालली होती. एका गाळ्याच्या दाराशी उंच शिडी लावलेली होती. शिडीपाशी एक अनोळखी कामगार मुकाट्याने हात लांबवून उभा होता. हातात फोन होता आणि फोनचा पडदा समोर उभ्या मुकादमाकडे होता. मुकादमाने ओठ हलवत वाचले, कपाळाला आठ्या घातल्या आणि खिशातून स्वतःचा फोन काढला.

क्षणभराने तिच्या पर्समध्ये घंटी वाजली. तिने फोन कानाला लावला आणि ती म्हणाली,

"हो, मीच लिहिलंय."