वरचा मूग

“तिघं उठून बसले, बुवा! अजून कसला पुरावा हवा?”

शिवदास मठाच्या दारातच उभा राहिला. गोसावीबुवांकडे सात वर्षं वैद्यकी शिकलेला. हातातल्या तांब्यात त्याचा नवा काढा. बचनागाचा. मानवला तर ताप उतरवणारा, नाही तर जीव घेणारा.

अख्खं गाव तापानं फणफणलं होतं. पायरीवर तानू बसली होती, मांडीवर पाच महिन्यांचं पोर. तिनं वाटी पुढं धरली होती.

“कोण तिघं?” बुवांनी चुलीपासूनच विचारलं.

“सर्जा, भैरू आणि भैरूचा भाऊ.”

“तिघंही तालमीतले.”

“ताप तर तोच ना! शितावरून भाताची परीक्षा. तुम्हीच सांगायचात.”

“काढा न घेता किती जण उठले?”

“...ते विचारलं नाही.”

बुवांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. “बघ. शिजलं का?”

शिवदासनं आत जाऊन वरचा एक दाणा चिमटीत दाबला. लोण्यासारखा मऊ.

“शिजलं.”

“खा मग पळीभर.”

पहिल्याच घासाला दाताखाली कट्‌कन वाजलं. शिवदासनं गाल धरला.

“तू दाबलास तो मूग,” बुवा म्हणाले. “भिक्षेचं कडधान्य आहे. ज्या घरात जे होतं ते. हरभरा अजून कच्चा आहे.”

पोर कण्हलं.

“मग दाणा न् दाणा दाबून बघतो!”

“आणि जेवशील काय?”

“बुवा, थट्टा नको! मी गावभर शितं मोजत फिरायचं, आणि तोवर हे पोर गेलं तर?”

“जाईलही.”

“आणि आत्ता काढा दिला तर?”

“...ठाऊक नाही.”

तानूनं दोघांकडं पाहिलं. “मला तुमचं मूग-हरभरं काय कळत नाय. द्यायचं का नाय, तेवढं बोला.”

शिवदासनं हातातला तांब्या कोनाड्यात ठेवला. तानूच्या वाटीत साधं पाणी ओतलं, उपरण्याचं टोक त्यात बुडवून पोराच्या कपाळावर ठेवलं.

“तुझ्या आळीत अजून कोण कोण आजारी आहे, तानू?”

“सासू. जाऊ, पोटुशी हाय ती. तिची दोन पोरं. पांगळा गणूमामा...”

ती नावं घेत राहिली. त्यात पैलवान एकही नव्हता.

शिवदास बुवांकडं वळला. “किती दाणे, बुवा? आकडा तरी सांगा.”

बुवांनी पळी त्याच्या हातात दिली.

“आधी तळापासून ढवळ. किती, ते मग विचार.”